मॅन्टलपीसवरचा आरसा: जुना सोनेरी घ्यावा, रेझिनचा की कप्प्यांचा लाकडी?

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियन काळातलं ओळीतलं घर घेतलं की दर्शनी खोलीत बहुधा फायरप्लेस मिळते. ती संगमरवराची असते, स्लेटची असते किंवा बिडाची. तिच्यावर मॅन्टलशेल्फ, म्हणजे तिच्या माथ्यावरची अरुंद फळी, आणि शेल्फच्या वर छतापर्यंत गेलेली चिमणीची पुढे आलेली भिंत. त्या काळी ही भिंत सहसा रिकामी सोडत नसत. तिथं ओव्हरमॅन्टल यायचा, म्हणजे शेल्फवर टेकवलेला, भरघोस चौकटीचा मोठा आरसा. समोरच्या खिडकीचा उजेड आणि गॅसच्या दिव्यांचा प्रकाश खोलीत परत फेकणं हे त्याचं मुख्य काम.

आज या जागेसाठी तीन प्रकारचे आरसे सर्रास विकले जातात: एकोणिसाव्या शतकातले लाकूड आणि गेसोचे (खडू-सरसाच्या लेपाचे) सोनेरी आरसे, त्यांच्या रेझिनमधल्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या कृत्रिम राळेतल्या, नव्या प्रती, आणि 1880 नंतरचे कप्प्याकप्प्यांचे लाकडी ओव्हरमॅन्टल. निकाल आधीच सांगून टाकतो. मूळ काच शाबूत असलेला जुना सोनेरी आरसा, डागांसकट, हीच सगळ्यांत चांगली खरेदी. तो परवडत नसेल तर कप्प्यांचा लाकडी घ्या. रेझिनचा घेण्यासारखी परिस्थिती क्वचित येते, ती पुढे सांगितली आहे. पण तिन्हींच्या आधी भिंत तपासा. या जागी आरसा खराब होतो किंवा पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोष भिंतीचा किंवा बसवणाऱ्याचा असतो.

जुना सोनेरी आरसा

1850 ते 1870 च्या सुमाराचा नमुना म्हणजे तळ सपाट, खालचे कोपरे काटकोनात, वर कमान, आणि कमानीच्या माथ्यावर पानाफुलांचा किंवा शिंपल्याचा शिरपेच. ब्रिटनमध्ये काचेवरचं अबकारी शुल्क 1845 मध्ये उठलं. ते वजनावर आकारलं जायचं, म्हणून जाड आणि मोठी काच फार महाग पडायची. शुल्क गेल्यावर मध्यमवर्गीय घरातही चार फूट रुंद काच येऊ लागली. त्यामुळे या काळातला माल आजही भरपूर मिळतो आणि वाजवी भावात मिळतो.

चौकटीची रचना समजून घेतली तर खरेदी करताना फसगत होत नाही. आत पाइनच्या लाकडाचा सांगाडा असतो. त्यावर गेसोचे अनेक थर, म्हणजे खडूची पूड आणि जनावरांच्या कातड्याचा सरस. नक्षी बहुतेक वेळा कोरलेली नसते. ती 'कॉम्पो'ची असते: खडू, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा गरम लगदा साच्यात दाबून काढलेले तुकडे, सरसाने आणि बारीक खिळ्यांनी चिकटवलेले. त्यावर लाल किंवा पिवळ्या मातीचा हात आणि शेवटी सोन्याचा वर्ख.

खरा वर्ख ओळखायला नीट उजेड आणि थोडा वेळ पुरतो. युरोपीय वर्खाचं पान साधारण 80 मिलिमीटर चौरस असतं. सपाट पट्टीवर तेवढ्या अंतराने पानावर पान चढल्याच्या फिकट रेषा दिसल्या, आणि उंचवट्यांवर घासून खालची तांबूस माती डोकावत असली, तर काम खरं आहे. पूर्ण चौकट एकाच तपकिरी-सोनेरी रंगाची, रेषा न दिसणारी आणि खाचांमध्ये काळपट असेल, तर वरून पितळेच्या पुडीचा रंग मारलेला आहे. हा रंग काही वर्षांत तपकिरी पडतो. खाली खरा वर्ख शिल्लक असू शकतो, पण वरचा रंग उतरवणं हे जाणकाराचं, वेळखाऊ काम आहे. अशा आरशाची किंमत जुन्या वर्खाच्या आरशासारखी मागितली तर नाही म्हणा.

नक्षीवर ठरावीक अंतराने आडव्या बारीक चिरा असतील तर घाबरू नका. कॉम्पो वाळताना आक्रसतं आणि असंच चिरतं. हे जुन्या मालाचं लक्षणच आहे. काळजी करायची ती सुटलेल्या तुकड्यांची. हाताच्या बोटाने नक्षीवर हलकेच टिचक्या मारत जा. भरीव भागाचा आवाज बद्द येतो, लाकडापासून सुटलेल्या भागाचा पोकळ. चार-सहा जागी पोकळ आवाज आला तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा. शिरपेच मोडून परत बसवलेला आहे का ते मागून पाहा. तिथं नवे स्क्रू, पांढरा गोंद किंवा धातूच्या पट्ट्या दिसतील. मागच्या फळ्यांवर दीडदोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे लाकूडकिडा येऊन गेला. भोकांखाली ताजा, फिकट, पिठूळ भुसा पडत असेल तर तो अजून आत आहे.

आता काच. एखादी किल्ली काचेला टेकवा. किल्लीचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात जे अंतर दिसतं त्यावरून काचेच्या जाडीचा अंदाज येतो. शेजारी माहीत असलेल्या जाडीचा आरसा ठेवून तुलना केली की फरक चटकन कळतो. जुन्या काचेचा रंग किंचित करडा असतो, प्रतिबिंब मऊ दिसतं, आणि सरळ रेषा जराशी हलते. कडेला बेव्हल, म्हणजे उतरती घासलेली कड, असेल तर हाताने घासलेला जुना बेव्हल इतका उथळ असतो की बोटाला जेमतेम लागतो. यंत्रावरचा नवा बेव्हल धारदार कडेने सुरू होतो.

काच बदललेली असेल तर आरसा निम्म्या मोलाचा झाला असं मी धरतो. व्यापारी हे सहज मान्य करत नाहीत, पण पांढरीफटक, निळसर चमक असलेली आजची काच जुन्या सोन्याशेजारी खटकते. एकदा खटकली की रोज खटकते. काळे ठिपके, कडेचे धुरकट पट्टे हे मात्र चालतात. काचेचं क्षेत्रफळ मोठं असेल आणि डाग कडांना असतील तर उजेड परतण्यात काहीच फरक पडत नाही. काच काढून पुन्हा चांदी चढवून देतो असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. मूळ मुलामा आम्लाने काढावा लागतो, आणि काढताना जुनी काच फुटली तर दुसरी मिळत नाही.

एका बाबतीत मात्र डाग गंभीर असतात. एकोणिसाव्या शतकात बरेच आरसे चांदीऐवजी कथील आणि पाऱ्याच्या मुलाम्याचे होते. त्यांचा ऱ्हास होताना मागच्या बाजूला चमचमते कण दिसतात आणि खालच्या कडेला पाऱ्याचे सूक्ष्म थेंब साचतात. मागची फळी न उघडता खालच्या खाचेत टॉर्च मारून पाहा. थेंब दिसले तर लहान मुलं असलेल्या घरात हा आरसा नेऊ नका, आणि पेटत्या फायरप्लेसवर तर मुळीच नको. उष्णतेने पाऱ्याची वाफ वाढते. सांडलेला पारा व्हॅक्यूम क्लीनरने ओढणं सगळ्यांत वाईट, कारण ते यंत्र तो वाफेच्या रूपात खोलीभर पसरवतं.

लिलावात घेणार असाल तर हातोडा पडलेली किंमत ही अखेरची किंमत नसते. तिच्यावर खरेदीदाराचं कमिशन लागतं, ते वीस टक्क्यांहून अधिक असणं नेहमीचं आहे, त्या कमिशनवर व्हॅट, आणि वाहतूक निराळी. तरीही दुकानातल्या भावापेक्षा लिलाव बहुधा स्वस्त पडतो. दुकानाचा फायदा एकच, पण मोठा: आरसा उलटा करून मागची बाजू निवांत पाहता येते. मागची बाजू दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

रेझिनच्या प्रती

दिसायला त्याच घाटाच्या, किमतीला बऱ्याच कमी. सांगाडा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा, किंवा पूर्ण चौकटच रेझिनच्या ओतकामाची, वर सोनेरी रंग, मागे स्टेपल मारलेली पातळ फळी, काच साधारण 4 मिलिमीटर. नक्षीचा कंगोरा साच्यातच बोथट झालेला असतो. पानाची शीर, फुलाची पाकळी जिथं खोल जायला हवी तिथं भरलेली दिसते. सात-आठ फुटांवरून खपून जातं. पण मॅन्टलपीसवरची वस्तू माणूस दोन फुटांवरून पाहतो, तिथं उभं राहून गप्पा मारतो, आणि तिथं ही उणीव लपत नाही.

टिकाऊपणातला मुख्य दोष रंगाचा आहे. टवका उडाला की खाली पांढरा किंवा करडा एकसंध पदार्थ दिसतो. जुन्या चौकटीचा टवका उडाला तर लाल माती, पांढरा गेसो, लाकूड असे थर दिसतात आणि नजर ते जुनेपण म्हणून स्वीकारते. रेझिनवर तो टवका फक्त तुटकेपणा वाटतो. 'वर्ख लावलेला' असं लिहिलेल्या नव्या आरशांवरही सहसा सोनं नसतं, तांबं-जस्ताच्या मिश्रणाचा पातळ पत्रा असतो. त्याचं पान सोन्याच्या पानापेक्षा बरंच मोठं, साधारण 140 मिलिमीटर असतं. त्यावरचा लाखेचा थर जिथं घासला जातो तिथं तो तपकिरी किंवा हिरवट पडतो.

रेझिनचा खरा गुण म्हणजे तो दमटपणाला दाद देत नाही; मात्र चौकट पूर्ण ओतकामाची हवी, एमडीएफचा सांगाडा ओलाव्याने फुगतो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या घरी पाठवायचा असेल तर मी तोच सुचवीन. जुन्या चौकटीतला सरस पावसाळ्यात ओलावा पितो, लाकूड फुगतं, गेसो सुटतो, आणि कपाटाआडच्या भिंतीसारखी मागच्या फळीवर बुरशी धरते. परत मायदेशी जाताना जुना सोनेरी आरसा कंटेनरमध्ये घालण्याआधी याचा विचार जरूर करा. वातानुकूलित खोलीसुद्धा दिवसातले काही तासच थंड असेल तर उपयोग नाही, कारण सरसाला सततचा चढउतार अधिक बाधतो.

कप्प्यांचा लाकडी ओव्हरमॅन्टल

1880 च्या दशकापासून साधारण पहिल्या महायुद्धापर्यंत चाललेला हा प्रकार. मध्ये बेव्हलचा आरसा, दोन्ही बाजूंना लहान आरसे, त्यांच्यापुढे खराद्यावर काढलेल्या खांबांवर टेकलेले कप्पे, वर कठड्याची जाळी. महागनी, अक्रोड, ओक किंवा काळं रंगवलेलं लाकूड. कप्पे चिनी मातीच्या बशा आणि फुलदाण्यांसाठी होते.

हा माल सध्या मागणीत नाही, म्हणून त्याच्या कारागिरीच्या मानाने फार स्वस्त मिळतो. माझ्या मते मराठी घराला तो सोनेरी आरशापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. तांब्यापितळेची भांडी, लहान मूर्ती, फोटो यांना तयार घर मिळतं, आणि गेसो नसल्याने जपणूक सोपी. बिडाच्या फायरप्लेसशी तो चांगला जमतो. पांढऱ्या संगमरवराच्या नाजूक फायरप्लेसवर मात्र फार अवजड दिसतो, तिथं नको.

तपासायचं ते असं. हे सगळं फर्निचर मागून स्क्रूंनी जोडलेलं असतं, आणि हलवाहलवीत ते सैल होतं. वरचा कठडा धरून अगदी हलकेच पुढे-मागे करून पाहा. कुरकुर आली तर सांधे सरसाने नव्याने जोडावे लागतील. खांबांपैकी एखादा वेगळ्या घाटाचा आहे का, लहान आरशांपैकी एखाद्याचा बेव्हल धारदार आहे का, ते बघा. दुसरी अडचण तोलाची. कप्पे पुढे येतात, त्यामुळे वजनाचा मध्य पुढे सरकतो. शेल्फची खोली 150 मिलिमीटरच असेल आणि ओव्हरमॅन्टलचा तळ 180 असेल तर तो अधांतरी राहील. खरेदीला जाताना शेल्फची खोली मोजून न्या. उंची आणि रुंदी सगळे मोजतात, खोली विसरतात.

टीव्ही किंवा तैलचित्र लावायचं असेल तर

शेल्फ जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. टीव्हीचा मध्य मग पावणेदोन मीटरच्या आसपास जातो, आणि सोफ्यावर बसलेल्याचे डोळे सव्वा मीटरच्या खालीच असतात. मान वर करून तासभर पाहणं त्रासाचं आहे. बहुतेक टीव्हींची वापराची कमाल मर्यादा 40 अंश सेल्सियस असते. आग पेटवून तासाभराने शेल्फच्या वर, भिंतीला लागून थर्मामीटर ठेवा. 40 च्या जवळ जात असेल तर विषय संपला. तैलचित्राला तर त्याहून कमी उष्णता आणि थोडी काजळीही बाधते. बंद फायरप्लेसवर चित्र उत्तम, पेटत्यावर नाही.

भिंत

आता मुख्य गोष्ट. चिमणीच्या भिंतीच्या आत धुरांडं आहे. शेल्फच्या वर खोली आणि धुरांडं यांच्यामध्ये जुन्या घरांत बहुधा अर्ध्या विटेचीच भिंत असते, म्हणजे सुमारे 100 मिलिमीटर, आणि त्यावर वीस-पंचवीस मिलिमीटर चुन्याचा गिलावा. लांब ड्रिलने आरपार भोक पडलं तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येण्याचा रस्ता उघडतो. इंग्लंडच्या बांधकाम नियमांसोबतचा 'डॉक्युमेंट J' हा मार्गदर्शक दस्तऐवज सांगतो की जळणाऱ्या वस्तूला लागून असलेले धातूचे स्क्रू धुरांड्याच्या आतल्या पृष्ठापासून किमान 50 मिलिमीटर दूर असावेत. म्हणजे विटेत 50 पेक्षा खोल जायचं नाही. 45 वर थांबा. ड्रिलच्या पात्यावर गिलावा अधिक 45 इतक्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की चूक होत नाही.

दुसरा शत्रू ओल. वर्षानुवर्षं कोळसा जळलेल्या धुरांड्याच्या विटांत क्षार मुरलेले असतात. फायरप्लेस वापरातून गेली, तोंड बंद केलं आणि हवा खेळायला जाळी ठेवली नाही, की हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि गिलाव्यावर पिवळे-तपकिरी ओघळ, लोणा दिसू लागतो. पावसाळी दिवसांत तो डाग गडद होतो, कोरड्या दिवसांत फिकटतो. हा डाग नेमका आरशामागे येतो. रंग मारून तो जात नाही. आधी वर धुरांड्याच्या तोंडाला पाऊस अडवणारी टोपी, खाली हवेची जाळी, मग क्षार भरलेला गिलावा काढून नवा. हे न करता आरसा टांगला तर मुलामा मागून काळा पडत जातो आणि दोष आरशाला दिला जातो.

भिंतीवर ठिकठिकाणी बोटाने ठोकून पाहा. पोकळ वाजणारा गिलावा विटेपासून सुटलेला आहे. तिथं प्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी भोकातली प्लास्टिकची नळी, धरणार नाही. चिमणीच्या दोन्ही बाजूंना पूर्वी गॅसचे दिवे असायचे, त्यांच्या शिशाच्या किंवा लोखंडी नळ्या गिलाव्याखाली राहून गेलेल्या असू शकतात. त्या मृत आहेत असं गृहीत धरू नका. डिटेक्टरने वायर आणि नळ्या शोधा. गॅसची नळी सापडली तर गॅस सेफ (ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडून ती तपासून घेईपर्यंत ड्रिल खाली ठेवा.

आरशाऐवजी संपूर्ण भिंतीला कायमचं लाकडी पॅनेल करायचं असेल आणि धुरांडं वापरात असेल, तर त्याच दस्तऐवजातलं अंतर पाळावं लागतं: धुरांड्याच्या आतल्या पृष्ठापासून 200 मिलिमीटर, किंवा विटांच्या चिमणीच्या बाहेरच्या पृष्ठापासून 40. मॅन्टलशेल्फ आणि पिक्चर रेल (चित्रं टांगायची, छताजवळची आडवी लाकडी पट्टी) यांसारख्या काही गोष्टींना यातून सूट आहे, पॅनेलला नाही. फायरप्लेसमध्ये लाकूड किंवा कोळशाचा बंद स्टोव्ह बसवलेला असेल तर त्याच्या निर्मात्याने दिलेलं अंतर पाहायचं. ते मॉडेलनुसार बदलतं. अमेरिकेतल्या घरांत निवासी बांधकाम संहितेचा नियम वेगळा आहे. फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूड नको, आणि 12 इंचांच्या आतलं लाकूड तोंडापासूनच्या दर इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे येता कामा नये. न्यू जर्सीत किंवा शिकागोत ओकचा भरगच्च सरंजाम करणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं.

माप आणि बसवणं

रुंदीत आरसा शेल्फपेक्षा दोन्ही बाजूंनी 50 ते 75 मिलिमीटर आत असावा. 1500 च्या शेल्फवर 1350 ते 1400 चा आरसा डौलदार दिसतो, 1000 चा पोरका दिसतो. वर पिक्चर रेल असेल तर शिरपेच आणि रेल यांच्यात 150 तरी मोकळे ठेवा. वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण मापाचा कागद कापा आणि भिंतीला चिकटवून दोन-तीन दिवस राहू द्या. मध्य काढायचा तो फायरप्लेसच्या उघड्या तोंडाचा. भिंतीचा मध्य आणि तोंडाचा मध्य जुन्या घरात एक-दोन सेंटिमीटरने चुकलेले असतात, आणि डोळा तोंडाशी तुलना करतो.

वजन आधी काढा. काचेचं वजन दर चौरस मीटरला जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. 1100 गुणिले 1250 ची 6 मिलिमीटर जाड काच म्हणजे साडेवीस किलोच्या वर. चौकट धरून 35 किलो सहज होतात. हा भार शेल्फवर येणार, म्हणून शेल्फ हलतं का ते पाहा. संगमरवराची फळी अनेकदा दोन खांबांवर नुसती ठेवलेली आणि मागे थोड्या गिलाव्याने धरलेली असते. पुढची कड हलकेच उचलून पाहिली आणि ती हलली, तर आधी ती पक्की करून घ्या. भार भिंतीलगत उभा येत असेल तर चांगली बसलेली फळी तो पेलते.

तळाखाली 3 मिलिमीटर जाड बुचाच्या पट्ट्या ठेवा. शेल्फ पातळीत नसेल तर बुचाचेच थर कमीजास्त करून पाणसळीने जुळवा. वर मागच्या बाजूला दोन पितळी पट्ट्या, प्रत्येक कडेपासून रुंदीच्या साधारण एक पंचमांशावर. पट्टी सांगाड्याच्या लाकडातच स्क्रू करायची, नक्षीत नाही. शिरपेचाला तर हातही लावायचा नाही. भिंतीत 7 मिलिमीटरचं भोक, तपकिरी प्लग, 5 मिलिमीटर जाड आणि 75 लांब स्क्रू. पट्टीचे तीन, तिच्यामागच्या ठोकळ्याचे दहा, गिलाव्याचे पंचवीस, विटेचे सदतीस असा हिशेब बसतो. प्लग गिलाव्याच्या पार, पूर्णपणे विटेत गेला पाहिजे. गिलाव्यात राहिलेला प्लग स्क्रू आवळताना फुगतो आणि गिलाव्याचा पापुद्रा उडवतो. जुनी वीट मऊ असते, म्हणून ड्रिलची हातोडी बंद ठेवून भोक पाडा. भोक विटांच्या मधल्या चुन्याच्या सांध्यात आलं तर प्लग सैल बसेल. एक इंच वर किंवा खाली सरका.

पट्ट्यांमागे लाकडी किंवा बुचाचे 10 मिलिमीटरचे ठोकळे देऊन चौकट भिंतीपासून दूर ठेवा. हवा खेळती राहते, ओल साचत नाही. नुसता शेल्फवर टेकवून तिरका ठेवलेला आरसा छायाचित्रांत छान दिसतो, पण तो छत दाखवतो आणि धक्क्याने घसरतो. मुलांच्या घरात हे करूच नये. पिक्चर रेलच्या आकड्यांवर एवढा भार देऊ नका. रेल स्वतः गिलाव्यात मारलेल्या चार खिळ्यांवर उभी असते.

उचलताना दोन माणसं लागतात. हात चौकटीच्या बाजूंना आणि तळाला धरायचे, आरसा नेहमी उभा. आडवा धरला की मोठी काच स्वतःच्या वजनाने वाकते. ओळीच्या घराचा बोळ 900 मिलिमीटरच्या आसपास असतो. जिन्याखालचं वळण आणि खोलीचं दार मोजल्याशिवाय गाडी मागवू नका.

रोजची निगा, आणि सणवार

वर्खावरची धूळ मऊ, लांब केसांच्या ब्रशने. पाणी, ओलं फडकं, फर्निचरचं पॉलिश काही नको. पाण्याच्या हातावर बसवलेला वर्ख ओल्या कापसाने पुसला तरी निघून येतो. काच पुसताना फवारा काचेवर मारू नका. थेंब खाली ओघळून चौकटीच्या खाचेत जातो आणि काळी कड तिथूनच सुरू होते. फवारा फडक्यावर, फडकं काचेवर, कडेपासून बोटभर दूर.

मॅन्टलशेल्फवर गणपती बसवायची पद्धत आता अनेक घरांत आहे, आणि मागे सोनेरी आरसा असला की आरास सुंदर दिसते यात शंका नाही. पण निरांजन आणि समई शेल्फवर ठेवू नका. शेल्फ जेमतेम वीस सेंटिमीटर खोल, ज्योत काचेपासून वीतभरही दूर राहत नाही, आणि जुनी काच एका ठिकाणी तापली की तडकते. उदबत्तीची काजळी वर्खाच्या खाचांत बसते आणि कोरड्या ब्रशने निघत नाही. दिवे आणि उदबत्ती खाली चौरंगावर ठेवा. फायरप्लेसच्या दगडी पायरीवर चौरंग छान बसतो. शेल्फ संगमरवराचं असेल तर त्यावर आधी केळीचं पान किंवा जाड कापड घाला. हळदीचा आणि तेलाचा डाग संगमरवरात मुरतो, घासून निघत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर लावून काढायला गेलात तर दगडाची चकाकी जाईल.

तोरण शिरपेचाला बांधू नका. तो सरसावर आणि दोन बारीक खिळ्यांवर उभा आहे, ओल्या झेंडूचा भार त्याला पेलत नाही, आणि फुलांचं पाणी थेट गेसोत उतरतं. पिक्चर रेलला दोन हलके आकडे लावून त्यांच्यावरून सुती दोरा ओढा आणि तोरण त्या दोऱ्याला बांधा. तोरणाएवढं वजन रेल आरामात घेते. फुलं चौकटीपासून चार बोटं पुढे राहतील इतपत दोरा ताणून घ्या.